ट्युबिंगेनमधील पोटभाड्याची खोली: पैसे पाठवण्यापूर्वी

तुम्ही लिहिले आहे की ऑक्टोबरपासून एका सत्रासाठी जर्मनीतल्या ट्युबिंगेनला जायचे आहे, वसतिगृहाचे अजून काही कळलेले नाही, आणि एका जर्मन विद्यार्थ्याने सहा महिन्यांसाठी स्वतःची खोली देऊ केली आहे. मात्र ‘या पत्त्यावर नोंदणी करता येणार नाही, पण त्यावाचून काही अडत नाही’ असे तो म्हणतो, आणि दोन महिन्यांचे भाडे अनामत म्हणून आत्ताच मागतो. हे वाक्य वाचले आणि राहवले नाही, कारण २०२२ च्या सप्टेंबरात जवळजवळ याच शब्दांत ते मलाही ऐकवण्यात आले होते आणि मी त्यावर विश्वास ठेवला होता.

अडते. पुष्कळ अडते.

व्हिसाचा अर्ज, ब्लॉक्ड अकाउंट (राहण्याच्या खर्चाचे पैसे आधी भरून ठेवायचे आणि मग महिन्याला ठरावीक रक्कमच मिळायची, असे खाते), आरोग्यविमा यांविषयी मी लिहीत नाही. तुम्ही इथपर्यंत पोहोचला आहात म्हणजे ते तुम्हाला ठाऊक असणारच. मी वकील नाही, माझा अनुभव २०२२-२३ च्या हिवाळी सत्राचा आहे आणि नियम बदलत असतात, हेही आधीच सांगून ठेवतो. (माझ्या वेळी ब्लॉक्ड अकाउंटमधून महिन्याला ८६१ युरो मिळत, २०२४ च्या सप्टेंबरपासून ती रक्कम ९९२ झाली.)

जर्मनीत घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत त्या पत्त्याची नोंदणी करावी लागते. तिला तिकडे सगळे आनमेल्डुंग म्हणतात. त्यासाठी केवळ भाडेकरार पुरत नाही. ‘ही व्यक्ती अमुक तारखेपासून माझ्याकडे राहते’ असे जागा देणाऱ्याने सही करून दिलेले एक पानी पत्र लागते, आणि २०१५ च्या नोव्हेंबरपासून ते बंधनकारक आहे. त्याचे जर्मन नाव वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. ते उच्चारायला मला महिना लागला आणि मिळवायला तीन. मूळ भाडेकरू पोटभाडेकरू ठेवतो तेव्हा हे पत्र तो स्वतःही देऊ शकतो, म्हणजे ‘घरमालक परगावी आहे’ ही सबब खरी नसते. खरे कारण बहुधा असे असते की पोटभाडेकरू ठेवायला घरमालकाची परवानगी लागते आणि ती त्याने घेतलेलीच नसते. तुमच्या बाबतीतही तसेच आहे असे मी ठामपणे म्हणणार नाही, पण शंका घ्यायला पुरेशी जागा आहे.

मी अशा खोलीपर्यंत पोहोचलो कसा, तेही सांगतो, कारण तुमच्या लिहिण्यात त्याचीही खूण दिसते. देवाणघेवाणीच्या करारावर येणाऱ्या विद्यार्थ्याचे नाव आधी त्याच्या मूळ संस्थेने कळवावे लागते, आणि वसतिगृहासह पुढची सगळी चक्रे त्यानंतर फिरू लागतात. आमच्या महाविद्यालयातील संबंधित कक्षात माझी फाईल पाच आठवडे पडून होती. प्रत्येक खेपेला ‘साहेबांच्या टेबलावर आहे’ एवढेच उत्तर मिळे. साहेब रजेवर असल्याचे चौथ्या आठवड्यात शिपायाने सांगितले. शेवटी नाव गेले तेव्हा वसतिगृहाच्या अर्जाची मुदत उलटून तीन दिवस झाले होते. त्यावर कक्षातील बाईंनी मला सांगितले, ‘तिकडचे लोक व्यवस्थित असतात, ते खोली देतातच.’ देत नाहीत. ट्युबिंगेन हे लहान शहर आहे, विद्यापीठ १४७७ पासूनचे आहे आणि दर ऑक्टोबरात खोली शोधणाऱ्यांची तिथे झुंबड उडते. तुम्ही ‘कॉलेजने सगळे कळवले आहे म्हणतात’ असे लिहिले आहे. कृपया त्या ‘म्हणतात’वर विसंबू नका, ट्युबिंगेनच्या आंतरराष्ट्रीय विभागाला आजच स्वतः ईमेल करून आपले नाव पोहोचले आहे का आणि वसतिगृहाच्या यादीत आहे का, हे दोन प्रश्न विचारा.

आता नोंदणीवाचून काय काय अडले ते. ब्लॉक्ड अकाउंटमधले पैसे सुरू होण्यासाठी जर्मनीतले चालू खाते हवे होते, आणि मी ज्या बँकेत गेलो तिथे नोंदणीचा दाखला मागितला. करक्रमांक नोंदणीनंतर टपालाने येतो, त्यामुळे ग्रंथालयातले तासाचे काम हातचे गेले. माझा व्हिसा केवळ तीन महिन्यांचा होता आणि पुढच्या वास्तव्य परवान्यासाठीही पत्त्याची नोंदणी लागणार होती. स्वतःच्या बापाने कर्ज काढून भरलेले पैसे खात्यात दिसत होते, आणि मी सांगलीच्या एका मित्राकडून शंभर-शंभर युरो उसने घेऊन दिवस काढत होतो.

नोंदणीच्या दाखल्याशिवाय खाते उघडून देणारी एक ऑनलाइन बँक अखेर सापडली, पण तिचे कार्ड टपालाने येणार होते, आणि इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण ती आपल्याकडच्या माणसाच्या डोक्यातच येत नाही. तिकडच्या पत्त्यात सहसा सदनिकेचा क्रमांक नसतो. पोस्टमन पेटीवरचे नाव पाहून पत्र टाकतो. पेटीवर नाव नसेल तर तुम्ही त्या घरात नाहीच. आमच्या दारात आठ पेट्या होत्या, प्रत्येकीवर बोटभर रुंदीची नावाची पट्टी. माझे नाव लावायला खोली देणाऱ्याने मनाई केली होती, कारण घरमालकीण तळमजल्यावरच राहत असे. मग मी वहीच्या कागदावर नाव लिहून सकाळी विद्यापीठात जाताना ते चिकटपट्टीने लावत असे आणि संध्याकाळी परतल्यावर काढून खिशात ठेवत असे. दोनदा पाऊस लागून शाई फुटली. कार्डही दोनदा परत गेले. तिसऱ्या वेळी मी ते मित्राच्या पत्त्यावर मागवले, तेव्हा नोव्हेंबर संपत आला होता.

मात्र माझी सर्वांत मोठी चूक ती खोली घेणे ही नव्हती. दोन आठवड्यांची मुदत टळल्यावर मी घाबरलो आणि नोंदणी कार्यालयाकडे फिरकलोच नाही. दंड होईल, व्हिसा रद्द होईल, असे काहीबाही मनात घेऊन अडीच महिने लपून राहिलो. डिसेंबरच्या सुरुवातीला नाइलाजाने गेलो, तेव्हा खिडकीवरच्या बाईंनी शांतपणे कायद्याचे कलम पडद्यावर दाखवले. जागा देणाऱ्याने पत्र नाकारले तर ते ताबडतोब कार्यालयाला कळवणे हे भाडेकरूचे कर्तव्य आहे, असे तिथे स्पष्ट लिहिलेले आहे, आणि पत्र नाकारणाऱ्याला १,००० युरोंपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे जो दंड मी माझ्या डोक्यावर घेऊन हिंडत होतो त्यातला मोठा वाटा त्याचा होता. ‘हे तुम्ही ऑक्टोबरातच येऊन सांगायला हवे होते,’ एवढेच त्या म्हणाल्या. मला तेव्हा राग आला तो स्वतःचाच.

कार्यालयाचे पत्र जाताच खोली देणाऱ्याने मला महिनाअखेर बाहेर पडायला सांगितले, आणि अनामतीचे ७६० युरो ‘भिंतीवरच्या डागांसाठी’ म्हणून ठेवून घेतले. माझ्याकडे पावती नव्हती, करार नव्हता; होते ते केवळ व्हॉट्सॲपवरचे अंगठे. नशिबाने वाल्डहॉयझर ओस्टमध्ये, म्हणजे डोंगरावरच्या विद्यार्थी वसाहतीत, कोणीतरी मध्येच शिक्षण सोडल्यामुळे एक खोली रिकामी झाली. तिथले पत्र एका दिवसात हाती आले आणि व्हिसा संपायला चार दिवस उरले असताना परवान्याचा अर्ज गेला. मुदतीच्या आत अर्ज गेला की निर्णय होईपर्यंत आधीचे वास्तव्य कायदेशीर राहते, म्हणूनच मी सत्र पुरे करू शकलो.

यावरून तुमच्यासाठी माझे मत सरळ आहे, एकांगी वाटले तरी चालेल: ती खोली घेऊ नका. काहीजण येथे सांगतील की मित्राच्या पत्त्यावर नोंदणी करून घ्या. ते करू नका. जिथे आपण राहत नाही तिथले पत्र देणाऱ्याला ५०,००० युरोंपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि आपल्या सोयीसाठी मित्राला त्यात ओढणे मला पटत नाही. त्यापेक्षा पहिले तीन-चार आठवडे प्रवाशांसाठीच्या हॉस्टेलमध्ये काढा आणि तिथे राहून शोधा. अशा तात्पुरत्या मुक्कामाला लगेच नोंदणी लागत नाही. शोध ट्युबिंगेनपुरता ठेवू नका. रॉयटलिंगेन आणि रोटेनबुर्ग रेल्वेने जवळ आहेत, आणि मला तर तिथून येणारे विद्यार्थी गावातल्यांपेक्षा वर्गात वेळेवर दिसत. तुमचा व्हिसा पूर्ण सत्राचा असेल तर परवान्याची धावपळ टळेल, हे मान्य. पण नोंदणीचे बंधन त्यामुळे सुटत नाही.

नोंदणीनंतर रेडिओ-दूरचित्रवाणीच्या शुल्काचे पत्र येईल, ते फसवणूक समजून फेकू नका. महिन्याला १८.३६ युरो हे शुल्क घरटी असते, माणशी नव्हे; सहनिवासी भरत असतील तर त्यांचा शुल्कक्रमांक कळवून मोकळे व्हा. आणि घरून स्टीलचा डबा न्या. २०२२ पासून ट्युबिंगेनमध्ये वापरून फेकायच्या पेल्यावर किंवा खोक्यावर ५० सेंट कर आहे. माझ्या आईने बळेच दिलेल्या दोन कप्प्यांच्या डब्याने तो वाचवला, आणि नूडल्स देणारा माणूस तो डबा पाहून दरवेळी थोडे जास्तच घाली.

त्या विद्यार्थ्याला आज एकच ओळ पाठवा: ‘इस्ट डी आनमेल्डुंग म्योग्लिश?’, म्हणजे नोंदणी शक्य आहे का. ‘हो’ म्हणाला तर ते करारात लिहून मागा, आणि घरमालकाची परवानगी आहे का तेही विचारा. तोवर एक युरोही पाठवू नका. कराराचा मजकूर आला तर नावे आणि पत्ता खोडून येथे दाखवा. माझे जर्मन आता गंजले आहे, पण भाडेकरारापुरते अजून पुरते.