‘चांगलं म्हणलं की पोट्टं मातते’

“मॅडम, चांगलं म्हणलं की पोट्टं मातते अन् रागावलं की रुसते. कराव तं काय कराव?” यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यांतून माझ्याकडे सल्ल्याला येणारे आईवडील हा प्रश्न जवळजवळ याच शब्दांत विचारतात. राळेगावकडच्या एका घराची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

मुलगा पाचवीत, नवोदय या सरकारी निवासी शाळेच्या प्रवेश परीक्षेची तयारी सुरू. ही परीक्षा एकदाच देता येते आणि जिल्ह्यातून साधारण ८० मुलं घेतात, म्हणून सगळं घर त्यातच गुंतलेलं. सराव पेपरात १०० पैकी ५४ गुण पडले, पोरानं घरी ७८ सांगितले. पेपर वडिलांच्या हाती लागला.

कापसाची वेचणी टाकून आईवडील दोघं आले आणि माझ्यासमोरच जुंपली. “तुमच्या धाकानं खोटं बोललं लेकरू.” “धाकानं नाई, तुह्या लाडानं!” आई आणि आजी दिवसभर म्हणत, आमचा बाबू लय हुशार, कलेक्टर होते. वडील म्हणत, ढोरं चाराले जल्मला हा. कोण बरोबर, ते मी सांगायचं होतं.

मला दोघांचं बोलणं एकाच जातीचं वाटलं. हुशार काय नि ढोर काय, दोन्ही शिक्के पोराच्या कपाळावर. गणित त्यानं कसं सोडवलं, कुठं अडला, यावर घरात कोणी बोलतच नव्हतं. पोरगा एकटा भेटला तेव्हा म्हणाला, “मले नाई आलं, तं मंग मी हुशार नाई ना.”

क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये अमेरिकेतल्या पाचवीच्याच मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. कोडी सोडवल्यावर काहींना ‘तू हुशार आहेस’ म्हटलं, काहींना ‘तू मेहनत घेतलीस’. पुढे अवघड कोडी दिल्यावर हुशार म्हटलेली मुलं लवकर कंटाळली. आपले गुण दुसऱ्या मुलाला कळवायला सांगितले, तेव्हा त्यांच्यातल्या १० पैकी जवळपास ४ जणांनी ते वाढवून लिहिले. मेहनतीचं कौतुक झालेल्यांत असं करणारे फार थोडे होते. म्हणजे आई म्हणते तसा नुसत्या धाकानंच मुलगा खोटं बोलतो असं नाही. गोड शब्दाचंही ओझं होतं.

वडिलांना मी विचारलं, पोराला डवरा, म्हणजे बैलांनी ओढायचं कोळपं, धरायला कोणी शिकवलं? “मीच जी.” कसं? “तास वाकडं झालं का सांगतो, रुमणं दाबून धर, नजर समोर ठेव. एका दिवसात कोणाले येते जी?” शेतात हा माणूस उत्तम शिक्षक होता. तिथं तो पोराला ढोर म्हणत नव्हता. हीच भाषा गणिताच्या वहीपाशी आणा, एवढंच सुचवलं. अपूर्णांक त्यांना येत नव्हते, ते बरंच झालं. रोज संध्याकाळी त्यांनी पोरालाच विचारायचं, “हे कसं काढलं, मले सांग.” चूक दाखवायची ती पाहुण्यांसमोर नाही. आईनं दिसलं ते म्हणायचं: “तीनदा खोडलं, पण सोडलं नाईस.”

आजीला मी काही सांगितलं नाही. नातवाचं उगाच कौतुक करणारं एक माणूस घरात असावं, असं माझं मत आहे. रोज वही पाहणाऱ्यांचे शब्द वेगळे असले की झालं.

काही आठवड्यांनी पोरानं ४९ गुणांचा पेपर आपणहून वडिलांपुढे ठेवला. “अपूर्णांकाचेच चुकले, बाबा.” गुण घटले होते, तरी आई समाधानानं सांगत होती.

शेवटी वडिलांनी विचारलं, “मंग रागवाचंच नाई का?” रागवायचं. खोटं बोलला, लहान बहिणीला मारलं, बैलाला विनाकारण टोचलं, तर त्याच दिवशी, दोन वाक्यांत, नजरेला नजर देऊन. काय चुकलं आणि आता काय करायचं तेवढं बोला. मागच्या वर्षीचं उकरू नका, चुलतभावाचं नाव काढू नका आणि जेवणाचं ताट समोर असताना तर मुळीच नको.