सिंह राशीतील त्रिकूट आणि अंधूक शेपूट

प्रश्न : घराच्या गच्चीवरून आठ इंची दुर्बिणीला कॅमेरा जोडून मी सिंह राशीतील एम ६५, एम ६६ आणि एनजीसी ३६२८ या तीन दीर्घिकांचे प्रत्येकी दीड मिनिटाचे १२० फोटो घेतले व ते संगणकावर एकत्र केले. एनजीसी ३६२८ च्या पूर्वेला एक अंधूक पट्टा दिसतो आहे. या दीर्घिका खरोखरच एकमेकींना ओढत आहेत, असे त्यावरून म्हणता येईल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आपला पट्टा योग्य बाजूला आहे. एनजीसी ३६२८ पासून पूर्वेकडे ताऱ्यांचे सुमारे तीन लाख प्रकाशवर्षे लांबीचे शेपूट निघाले आहे, आणि शेजारच्या दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाने ते ओढले गेले, असे मानले जाते. मात्र ते इतके फिके आहे की शहराजवळच्या आकाशात तीन तासांच्या प्रकाशात ते उमटले असेल, यावर मी तरी लगेच विश्वास ठेवणार नाही. रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड नळीत शिरला किंवा फ्लॅट फ्रेम (कॅमेऱ्यात कडेला येणारा कमी-जास्त उजेड सारखा करण्यासाठी एकसारख्या उजळ पृष्ठभागाचे घेतलेले फोटो) नीट जुळल्या नाहीत, तरी हुबेहूब असाच पट्टा तयार होतो. म्हणून पुढच्या अंधाऱ्या रात्री कॅमेरा नव्वद अंशांत फिरवून तोच भाग पुन्हा टिपावा. पट्टा ताऱ्यांच्या संदर्भात जागच्या जागी राहिला, तर तो आकाशातला असण्याची शक्यता बरीच वाढते. पण चौकटीच्या त्याच कडेला चिकटून राहिला, तर दोष आपल्या साधनांत आहे.

नुसते शेजारी दिसणे हा पुरावा नव्हे. वासुकी तारकासमूहातील एनजीसी ३३१४ मध्ये दोन दीर्घिका एकमेकींत मिसळल्यासारख्या दिसतात; प्रत्यक्षात एक सुमारे ११.७ कोटी आणि दुसरी सुमारे १४ कोटी प्रकाशवर्षांवर आहे, आणि दोघींच्या आकारात ओढाताणीची खूण नाही. आपल्या त्रिकुटाची गोष्ट वेगळी आहे. तिघी सेकंदाला साधारण ७३० ते ८४० किलोमीटर वेगाने आपल्यापासून दूर जात आहेत; वेग जवळजवळ सारखे, म्हणून अंतरेही जवळजवळ सारखी, म्हणजे त्या एकाच समूहातल्या आहेत. आणि एनजीसी ३६२८ ची तबकडी टोकांकडे विस्कटून फुगलेली आहे. हे फुगणे आपल्या फोटोतही दिसायला हवे, आणि शेपटाआधी तेच तपासावे. एम ६५ मात्र इतकी नीटनेटकी आहे की तिच्या एकटीच्या फोटोवरून कोणालाच शंका येणार नाही.

पूर्वा फाल्गुनीतील दक्षिणेकडच्या ताऱ्याच्या खालीच हे त्रिकूट असल्याने मार्च-एप्रिलमध्ये ते रात्री डोक्याजवळ येते. अमावास्येच्या आसपास, गावाच्या दिव्यांपासून दूर जाऊन, निदान आठ-दहा तासांचा प्रकाश साठवावा.