गावभागातले सव्वीस कोपरे आणि मोडायला निघालेली ठेव

सांगलीच्या गावभागातून एका ताईंनी विचारलं आहे: "तुळशीच्या लग्नानंतर मुलीचं लग्न आहे. त्याआधी घराला रंग देतोय, त्याचे ५५ हजार बाजूला ठेवलेत. पण पेंटर म्हणतो, भिंतींचे सगळे कोपरे उडालेत, नुसती पुट्टी भरली तर परत पडतील. २६ कोपऱ्यांना आतून प्लॅस्टिकची पट्टी बसवून देतो, रनिंग फुटाला ९० रुपये. एकूण २६० फूट, म्हणजे २३,४०० रुपये जास्तीचे. मुलगा म्हणतो, ऑनलाइन अडीचशेला एक पट्टी मिळते, वरून चिकटवून टाकू. पतसंस्थेत एक लाखाची ठेव आहे, वर्षाची, ८ टक्क्यांनी. नऊ महिने झालेत. ती मोडू की पाटल्या ठेवून कर्ज काढू? घर सासऱ्यांच्या नावावर आहे. खालच्या मजल्यावर २००५, २०१९ आणि २०२१ ला पाणी आलं होतं."

ताई, ठेव मोडू नका आणि लग्नघरातल्या पाटल्याही कपाटातून बाहेर काढू नका. तुमचं काम दहा हजारांच्या आत बसतं. कसं ते सांगतो, पण आधी तुमच्या पेंटरबद्दल एक शब्द. तो सांगतोय ते खरं आहे. भिंतीची बाहेर आलेली कड हा गिलाव्याचा सगळ्यात अशक्त भाग. दोन्ही बाजूंनी उघडा, मागे आधार कमी. पलंग सरकवताना, सिलिंडर आत आणताना, पोराची सायकल वळवताना पहिला मार तिथंच बसतो. आमच्या घरी बैठकीतून आत जाताना असाच एक कोपरा आहे. लोखंडी कपाट नेताना त्याचा तळहाताएवढा पापुद्रा पडला. मी पीओपी भरून घेतलं. सहा महिन्यांत पुन्हा पडलं, पुन्हा भरलं. तिसऱ्या वेळी कोपऱ्यावर बोट फिरवलं तर पांढरी भुकटी हाताला आली. नवीन माल जुन्या गुळगुळीत कडेला धरतच नव्हता. तेव्हा मिस्त्रीनं कड चांगली चार बोटं मागं टाचून घेतली, पट्टी बसवली आणि वरून पुट्टी ओढली. पाच वर्षं झाली, त्यानंतर आमच्या घरात दोनदा सामान हललं. कोपऱ्याला ओरखडे आहेत, पडझड नाही.

ही आत बसणारी पट्टी हातात घेऊन बघा. पांढरी, काटकोनात वळलेली, दोन्ही पाखांना ओळीनं भोकं, काहींना पाखांऐवजी जाळी. मधोमध एक गोलसर नाक. पुट्टी त्या भोकांतून आरपार जाते आणि पलीकडं भिंतीला धरते, म्हणून पट्टी भिंतीत जखडून बसते. बाहेर दिसतं ते फक्त नाक, तेही रंगाखाली. धक्का बसला तर तो नाकावर येतो आणि पाखांमधून पसरतो. कोपरा सरळ येतो हा वरचा फायदा, कारण पेंटरला हात फिरवायला एक पक्की रेघ मिळते.

आता पैशाचा मुद्दा. या कामात प्लॅस्टिक सगळ्यात स्वस्त असतं. खर्च होतो तो कड टाचायला, पट्टी ओळंब्यात धरायला, दोन-तीन हात पुट्टी ओढायला, घासायला आणि वरून रंगायला. म्हणून घराला रंग द्यायचाच असेल तेव्हाच हे काम परवडतं. रंग चांगला असताना फक्त कोपऱ्यासाठी भिंत उघडली की सगळी भिंत रंगवावी लागते. तुमच्याकडं रंगाचं काम ठरलेलंच आहे, वेळ बरोबर आहे. चुकला आहे तो आकडा.

फोनवर मी तुम्हाला घरभर फिरून कोपरे मोजायला सांगितले ते याचसाठी. तुम्ही सांगितलेला हिशेब असा: दहा कोपरे खिडक्यांच्या आतल्या कडांचे, चार माळ्यावर आणि मागच्या कोठीत. तिथं कोण धडकतं? खिडकीच्या कडेला पडदा लागतो, कोठीत धान्याचे डबे जागचे हलत नाहीत. हे चौदा सोडून द्या. तिथं रंगाच्या कामात नेहमीची पुट्टी पुरे. राहिले बारा. त्यातले वरच्या मजल्यावर सात: स्वयंपाकघरात तीन (२०१९ नंतर तुम्ही चूल वर नेलीत ते फार शहाणपणाचं केलंत), खोल्यांमधल्या बोळात तीन, जिन्याच्या माथ्याशी एक. खालच्या मजल्यावर पाच: बैठक आणि बोळ मिळून चार, जिन्याच्या पायथ्याशी एक.

वरच्या सात कोपऱ्यांना पेंटर म्हणतो तेच करा, आत बसणारी पट्टी, खालपासून वरपर्यंत. ७० फूट, ६,३०० रुपये. पैसे देताना फूट तुम्ही स्वतः मोजा. तो कदाचित म्हणेल जीआयची, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी पट्टी घ्या, फुटामागं स्वस्त पडेल. घेऊ नका. कृष्णाकाठच्या घरात भिंतीला ओल धरते. कापलेल्या टोकाला जस्ताचा मुलामा उरत नाही आणि गंज तिथून सुरू होतो, मग रंगातून तांबूस डाग वर येतात. ॲल्युमिनियम ओल्या सिमेंटच्या क्षारानं खराब होतं. पीव्हीसीला, म्हणजे पेंटर म्हणतो त्या प्लॅस्टिकला, यातलं काहीच होत नाही. याच कारणानं पट्टी धरायला लोखंडी खिळेही ठोकू देऊ नका, पुट्टीवरच दाबून बसवायला सांगा. पट्टी आठ फुटी मिळाली तर पूर्ण लांबी खाली लावून जोड वर छताकडं घ्यायचा. खाली जोड आला तर पहिला धक्का नेमका त्याच्यावर बसतो. स्वयंपाकघरातला शेगडीजवळचा कोपरा हातभर तरी लांब आहे ना ते बघा. पीव्हीसी आचेनं मऊ पडतं. जवळ असेल तर तिथं टाइलचा तुकडा लावा.

खालच्या पाच कोपऱ्यांचा विचार मी दोन दिवस केला, कारण तिथं पेंटरचं म्हणणं मला पटत नाही. कृष्णेची पाणी पातळी सांगलीच्या आयर्विन पुलाशी ४५ फुटांवर गेली की धोका धरतात, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती ५७ फुटांच्या वर गेली होती. तुमच्याकडं तेव्हा छातीभर पाणी होतं आणि बारा दिवस तुम्ही मिरजेला बहिणीकडं राहिलात. असं पाणी आलं तर प्लॅस्टिकची पट्टी जशीच्या तशी राहील, पण तिला धरणारी पुट्टी फुगून सुटेल. मग गाळ खरवडताना पट्टी उघडी पडेल, आणि पट्टीचे पैसे नाही तरी तिच्यावरच्या मजुरीचे पैसे वाहून जातील. तिथं मुलाचं बरोबर आहे. खाली वरून चिकटवायची पट्टी लावा.

पण थेट फुटक्या कडेवर नको. आधी गवंड्याला एक दिवस बोलावून पाचही कडा सिमेंट-वाळूत नीट भरून घ्या. मजुरी आणि माल धरून दीड हजार. भिंत सुकू द्या, रंग होऊ द्या, आणि रंग कडक झाल्यावर, निदान दोन आठवड्यांनी, पट्टी लावा. पूर्ण उंचीची गरज नाही. मार बसतो तो कंबरेखालीच, चार फूट पुरे. पाच पट्ट्यांचे १,२५० आणि चिकटवायच्या ट्यूबचे सहाशेच्या आसपास. दुहेरी चिकटपट्टीच्या भरवशावर राहू नका. खाली तुमच्याकडं साधा डिस्टेंपर आहे, तो खडूसारखा सुटतो. ओळखीच्या एका घरी महिन्याभरात पट्टी गळून पडली आणि तिच्या पाठीला डिस्टेंपरचा हिरवा पापुद्रा अखंड चिकटलेला होता. खालच्या भिंतींना निदान चार फुटांपर्यंत धुता येईल असा रंग घ्या. नदी चढायला लागली की पट्ट्या सुरीनं कापून काढा, वर नेऊन ठेवा. मागं गाळ अडकून बुरशी धरायला नको.

एकूण झाले ६,३०० अधिक १,५०० अधिक १,२५० अधिक ६००, म्हणजे ९,६५० रुपये. पेंटरच्या आकड्यापेक्षा १३,७५० कमी. तुमची बारा हजारांची भिशी भाद्रपदात लागणार आहे असं तुम्ही म्हणालात. पावसात तसंही पुट्टीचं काम काढायचं नाही, भिंत वाळत नाही. नवरात्र झालं की काम सुरू करा. पैसे हातात येतील आणि लग्नाच्या आधी रंग वाळेलही.

तरी ठेवीचा हिशेब समजून घ्या, कारण लग्नात आणखी कशासाठी तरी ती मोडायची वेळ येईल. तुम्ही पतसंस्थेत विचारून आलात ते बरं केलंत: नऊ महिन्यांसाठी साडेसहा टक्के आणि मुदतीआधी मोडल्याबद्दल एक टक्का वजा, म्हणजे साडेपाच. आठ टक्क्यांनी नऊ महिन्यांचं सरळ व्याज ६,००० होतं, साडेपाचनं ४,१२५. म्हणजे मोडल्या क्षणी १,८७५ रुपये गेले. त्याऐवजी त्याच ठेवीवर दहा हजार कर्ज घेतलंत आणि १० टक्के व्याज लागलं, तर तीन महिन्यांचे २५० रुपये. थोड्या रकमेसाठी, थोड्या दिवसांसाठी ठेवीवरचं कर्जच घ्यायचं. सोन्यावरच्या कर्जाला मी ना म्हणतो ते व्याजापेक्षा वेगळ्या कारणानं. त्या पाटल्या तुम्हाला तीन महिन्यांत मांडवात हातात लागणार आहेत.

आणि ठेव मुदत भरल्यावर तिथंच पुन्हा लावू नका. बँकेतल्या ठेवींना, सहकारी बँकांसकट, दर ठेवीदारामागं प्रत्येक बँकेत पाच लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण आहे. पतसंस्थेला ते नाही. आपल्या भागात पतसंस्थांच्या दारात पासबुक घेऊन उभे राहिलेले म्हातारे मी पाहिलेत. त्यांना मिळालेलं अर्धा-पाऊण टक्का जास्तीचं व्याज कुठं कामी आलं?

तुम्ही शेवटी लिहिलंय की कोपरे नीट केले तर घराची किंमत वाढेल असं जाऊबाई म्हणतात. ताई, गावभागात घर बघायला आलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो: २०१९ ला पाणी कुठवर होतं? कोपऱ्याकडं त्याचं लक्षही जात नाही. हा खर्च तुमच्या स्वतःच्या सुखासाठी आहे. लेकीच्या लग्नात घर नीटनेटकं दिसावं असं वाटणं अगदी रास्त आहे, त्याला किमतीचं कारण जोडायची गरज नाही.

विम्याबद्दल मात्र माझा आग्रह आहे. तीनदा पाणी आलेल्या घराचा विमा नाही हे वाचून मला खरंच काळजी वाटली. १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' नावाची एकसारखी पॉलिसी सर्वसाधारण विमा कंपन्यांकडं मिळते, त्यात पूर धरलेला आहे. विमा जागेच्या किमतीवर काढायचा नसतो, घर पुन्हा बांधायला लागणाऱ्या खर्चावर काढायचा असतो. तुमचं दोन्ही मजले मिळून हजार चौरस फूट. बांधकामाला १,८०० चा दर धरला तर १८ लाख. घरातलं सामान इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त दहा लाख, आपोआप धरलं जातं, म्हणजे तुमच्याकडं ३ लाख ६० हजार. फ्रिज, पिठाची गिरणी, कपाटं त्यात येतात. दागिने येत नाहीत, त्यांना वेगळं कलम घ्यावं लागतं. घर सासऱ्यांच्या नावावर आहे म्हणून इमारतीची पॉलिसीही त्यांच्याच नावानं काढा, नाहीतर दावा करायच्या वेळी मालकी कुणाची यावर गाडी अडते. हप्ता दोन-तीन कंपन्यांकडं विचारा आणि पूर वगळलेला नाही हे कागदावर वाचून घ्या. हे काम नवरात्रापर्यंत थांबवू नका, या आठवड्यात करा. इशारा लागल्यावर धावपळ करून उपयोग होत नाही.

हप्ता भरल्यावर, जमतील तसे पाच हजार नोटांमध्ये वरच्या मजल्यावर ठेवा. वीज गेली की एटीएमही बंद पडतं आणि मोबाइलही, आणि मिरजेपर्यंत पोचायला रिक्षावाल्याला पैसे रोखच द्यावे लागतात.

पेंटरला आता नव्यानं लिहून मागा: वरचे सात कोपरे, पीव्हीसीची पट्टी, फुटाचा दर, आणि बाकीच्या एकोणीस कोपऱ्यांची साधी पुट्टी रंगाच्या ५५ हजारांत धरलेली आहे हे स्पष्ट. हे शेवटचं वाक्य कागदावर नसेल तर काम संपताना तेच एकोणीस वेगळे मोजले जातील. सुरुवातीला पाव भागापेक्षा जास्त उचल देऊ नका. पुट्टी वाळली की रंगाआधी संध्याकाळी दिवा बंद करून टॉर्च भिंतीला लावून कोपऱ्यावर तिरका मारा. नाक कुठं आत-बाहेर गेलं असेल तर सावली लगेच दिसते, आणि तेव्हा ते घासून सरळ करायला दहा मिनिटं लागतात.