देशातील आत्महत्यांचे प्रमाण वाढले की घटले, हे कसे पाहावे?

2017 मध्ये देशात 1,29,887 आत्महत्यांची नोंद झाली आणि 2022 मध्ये 1,70,924. म्हणजे पाच वर्षांत जवळजवळ एकतृतीयांश वाढ झाली असे म्हणावे का, हा आपला प्रश्न आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे हे आकडे आपण बरोबर दिले आहेत, परंतु तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नये.

मी संख्याशास्त्र शिकवतो. हा विषय निघाला की विद्यार्थ्यांपुढे 2010 चे 1,34,599 आणि 2018 चे 1,34,516 हे आकडे ठेवतो. फरक अवघा 83 चा. पण मधल्या काळात लोकसंख्या वाढल्यामुळे दर लाख लोकसंख्येमागील प्रमाण 11.4 वरून 10.2 वर आलेले दिसते. आपण निवडलेल्या पाच वर्षांत हेच प्रमाण 9.9 वरून 12.4 झाले, म्हणजे वाढ सुमारे एकचतुर्थांश आहे. ती खरोखर चिंताजनक आहे. मात्र 2010 पासून उतरत आलेला दर 2017 मध्ये तळाला गेला होता, त्यामुळे तिथून मोजणी सुरू केली की चढण अधिक तीव्र भासते. शिवाय 2021 ची जनगणना झालीच नाही. भागाकारातली लोकसंख्या 2011 वरून काढलेल्या अंदाजाची आहे.

मूळ नोंद होते ती पोलीस ठाण्यात. अकस्मात मृत्यूची नोंद, पंचनामा, शवविच्छेदन आणि नातेवाइकांचे जबाब यांवरून कारण ठरते, आणि बदनामीच्या किंवा पोलिसांच्या ससेमिऱ्याच्या धास्तीने घरचे लोक पुष्कळदा ‘तोल गेला’ एवढेच सांगतात. त्या दुःखात त्यांना दोष देववत नाही. पण ही लपवाछपवी कमी झाली, तर त्यामुळेही आकडा वाढतो, हे ध्यानात ठेवावे लागते.

वर्गवारी बदलली तर तुलनाच कोलमडते, आणि महाराष्ट्रातील वाचकाने हे विशेष जपून पाहावे. देशभरात शेती करणाऱ्यांच्या आत्महत्या 2013 मध्ये 11,772 होत्या. 2014 मध्ये ‘शेतकरी’ या रकान्यात केवळ 5,650 उरल्या. त्या वर्षापासून शेतमजुरांचा रकाना वेगळा केला गेला होता आणि त्यात 6,710 मृत्यू होते. दोन्हींची बेरीज 12,360 भरते. संकट निम्म्याने ओसरल्याचा दावा केवळ पहिला रकाना वाचूनच करता येतो.