झेडपीच्या शाळेचे निर्णय नेमके कोण घेतं, आणि पालकांच्या समितीच्या हातात खरंच काय असतं?

तुम्ही विचारलंय की झेडपी नाहीतर महापालिका आपल्या शाळांचे अधिकार खाली कुणाकुणाला देते, आणि शाळा व्यवस्थापन समितीत (एसएमसी) आत्ताच निवड झालीय, वर्गाचं छत गळतंय, तर समितीला काही करता येतं का नुसत्या सह्या करायच्या. मी कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिमेकडं, पावसाच्या पट्ट्यातल्या एका गावात चार वर्षं विद्या मंदिरच्या, म्हणजे गावच्या झेडपी शाळेच्या, एसएमसीची अध्यक्ष होते, माझी पोरगी तिथंच शिकली. त्यामुळं माहितीय तेवढं सांगते. हातात बरंच आहे, पण ते कागदावर आणल्याशिवाय हाताला लागत नाही.

आधी उतरंड समजून घ्या. शाळा झेडपीची, म्हणजे १९६१ च्या जिल्हा परिषद कायद्याखाली मालकी आणि जबाबदारी जिल्हा परिषदेची. पण सगळी सभा बसून प्रत्येक शाळेचं बघू शकत नाही म्हणून सदस्यांची शिक्षण समिती, कारभाराला सीईओ म्हणजे मुख्य कार्यकारी अधिकारी, त्यांच्या खाली शिक्षणाधिकारी प्राथमिक, तालुक्याला गटशिक्षणाधिकारी, मग विस्तार अधिकारी, केंद्रप्रमुख आणि शेवटी मुख्याध्यापक. प्रत्येक पायरीवर थोडा थोडा अधिकार ठेवलेला असतो. गुरुजींची किरकोळ रजा मुख्याध्यापक देतात, मोठी रजा वर जाते. गावच्या म्हाईला, म्हणजे जत्रेला, शाळा बंद ठेवायची तर मुख्याध्यापकांच्या अधिकारातली एखादी सुट्टी वापरता येते, पण पूर आला, २०१९ आणि २०२१ ला आला तसा, की शाळा बंद ठेवायचा आदेश कलेक्टरांचा, कारण जिल्ह्याच्या आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष तेच.

आता समिती. ही काय झेडपीनं मेहरबानी म्हणून दिलेली नाही, ती थेट २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातनं आलीय, कलम २१. तीन चतुर्थांश सदस्य पालक पाहिजेत, निम्म्या बायका पाहिजेत, अध्यक्ष पालकांतलाच, आणि मुख्याध्यापक सदस्य सचिव. म्हणजे सर तुमच्या समितीचे सचिव आहेत, साहेब नाहीत, हे पहिल्या बैठकीत कुणी सांगत नाही. शाळेच्या कामावर लक्ष ठेवायचं, आलेलं अनुदान कुठं खर्च झालं ते बघायचं, आणि शाळा विकास आराखडा करायचा, ही कामं कायद्यानंच दिलेली आहेत. यातलं आराखड्याचं सगळ्यात महत्त्वाचं, कारण कलम २२ म्हणतं की सरकारनं आणि स्थानिक प्राधिकरणानं शाळेला निधी द्यायचा तो याच आराखड्याच्या आधारावर. आमच्याकडं काय व्हायचं, सर मागच्या वर्षीचा आराखडा बघून नवा लिहायचे, आम्ही सह्या करायचो, चहा प्यायचो आणि घरी. दोन वर्षं मी स्वतः अशा सह्या केल्यात. त्या आराखड्यात छताचं नावसुद्धा नव्हतं.

आणि छत तर गळत होतं. तिसरीचा वर्ग, जुनी कौलारू इमारत, जुलैत आढ्याजवळनं पाणी असं यायचं की पोषण आहाराची दोन पातेली वर्गात ठेवायला लागायची आणि पोरं भिंतीकडंला सरकून बसायची. एकदा वाचनाचा तास चालू असताना एका पोरीच्या वहीवरच धार लागली, ती वही दप्तरात न घालता फ्रॉकच्या घेरात धरून बसली होती, ते मी दारातनं बघितलं. त्या दिवशी ठरवलं की ह्याच्या मागं लागायचं.

पहिल्यांदा जे आमच्या हातात होतं ते केलं. समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं संयुक्त अनुदान पटावर मिळतं, ३१ ते १०० पटाला वर्षाला २५ हजार, १०१ ते २५० ला ५० हजार, आणि त्यातला किमान १० टक्के स्वच्छतेवर घालायचा. आमचा पट साठाच्या आसपास, म्हणजे २५ हजार, त्यातच वीजबिल, खडू, किरकोळ दुरुस्ती सगळं. समितीचा ठराव केला, फुटकी कौलं बदलली. याला वरनं कुणाची परवानगी लागली नाही. पण कौलं काढल्यावर कळलं की वासेच कुजलेत. वासे बदलायचे म्हणजे मोठी दुरुस्ती, आणि तिथं आमचा अधिकार संपला.

मोठ्या दुरुस्तीला समिती फक्त मागणी आणि शिफारस करू शकते. इंजिनिअरनं येऊन बघायचं, अंदाजपत्रक करायचं, तांत्रिक मान्यता, मग प्रशासकीय मान्यता, मग पैसे, ते झेडपी सेसमधनं, म्हणजे झेडपीच्या स्वतःच्या निधीतनं, नाहीतर जिल्हा नियोजनच्या निधीतनं. आमचा अर्ज तालुक्याच्या एका ऑफिसात पडून राहिला, एक अख्खा पावसाळा गेला. विचारायला गेलो की वर पाठवलाय म्हणायचे, वर विचारलं की आलाच नाही म्हणायचे. चूक आमचीपण होती, अर्ज साध्या कागदावर, ठरावाची नक्कल नाही, आवक नंबर घेतला नाही.

दुसऱ्या वर्षी नीट केलं. प्रोसिडिंग वहीत, म्हणजे बैठकीच्या नोंदवहीत, ठराव स्वच्छ लिहून घेतला, कुठला वर्ग, किती पोरं बसतात, धोका काय, काय पाहिजे. सूचक अनुमोदकाच्या सह्या, फोटो, सोबत ग्रामपंचायतीचा ठराव, आणि तोच विषय शाळा विकास आराखड्यात पहिल्या नंबरला. अर्जाच्या आमच्या प्रतीवर शिक्का आणि आवक नंबर घेतल्याशिवाय ऑफिसातनं हललो नाही. महिनाभर काही कळलं नाही तेव्हा एका पालकानं माहिती अधिकारात १० रुपयांचा स्टॅम्प लावून एवढंच विचारलं की अमुक नंबरच्या अर्जावर आजपर्यंत काय काय झालं आणि आत्ता तो कुणाच्या टेबलावर आहे. तीस दिवसांच्या आत उत्तर आलं, अंदाजपत्रकासाठी स्थळपाहणी बाकी. मग इंजिनिअर आले, आणि दिवाळीनंतर वासे बदलले. दोन पावसाळे गेले, पण झालं.

काही गोष्टींत मात्र समितीनं जीव काढला तरी उपयोग नाही. शिक्षक कमी आहेत, बदली करून द्या, हे गावातनं सगळे आधी मागतात. पण बदल्या २०१७ पासून राज्याच्या धोरणानं ऑनलाइन होतात, भरती राज्याच्या पवित्र पोर्टल या वेबसाइटवरनं, आणि किती पदं मिळायची ते संचमान्यतेत, म्हणजे शाळेच्या मंजूर पदांच्या हिशेबात, पटावर ठरतं. म्हणजे पूर्वी झेडपीत व्हायचं ते मुंबई-पुण्याकडं सरकलं. बदल्यांतली वशिलेबाजी कमी झाली हे मला चांगलंच वाटतं, पण एकाच शिक्षकावर चार इयत्ता पडल्या की जवळ कुणाकडं बोट दाखवायचं तेच राहत नाही. तरी ठराव करा, निदान नोंद होते.

अजून एक सांगायचं म्हणजे प्रशासक. कोल्हापूर महापालिकेत नोव्हेंबर २०२० पासून आणि झेडपीत मार्च २०२२ पासून बरीच वर्षं निवडून आलेलं सभागृहच नव्हतं, शिक्षण समिती नाही, सदस्य नाही, सभेचे आणि समित्यांचे अधिकार एकाच अधिकाऱ्याकडं. काही कामं त्यामुळं पटापट झाली हे मान्य. पण आमच्या गावातनं विषय घेऊन उभं राहणारा माणूस सभेत नाही म्हटल्यावर सगळं कागदावरच अवलंबून. त्या काळात ज्या समित्यांचे ठराव नीट होते त्यांच्या शाळा तगल्या, असं माझं मत आहे.

शहरात असाल तर आयुक्त, प्राथमिक शिक्षण समिती आणि प्रशासनाधिकारी अशी वाट आहे, एसएमसी तीच. आणि महापालिकेची शाळा म्हणजे पडकीच असं समजू नका, कोल्हापुरातल्या जरगनगरच्या शाळेत प्रवेशासाठी गुढीपाडव्याला पालक रांगा लावतात. शाहू महाराजांनी १९१७ ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं त्या गावात सरकारी शाळेला रांग लागते याचा मला खरंच अभिमान वाटतो.

खाली अधिकार दिला म्हणून वरच्याची जबाबदारी जात नाही, हे पक्कं धरा. इमारत आणि शिक्षक पुरवणं हे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ९ नं स्थानिक प्राधिकरणाचं कर्तव्य आहे. ते होत नसेल तर कलम ३२ खाली झेडपीकडं लेखी तक्रार करता येते, तीन महिन्यांत तुमचं ऐकून निर्णय द्यायला लागतो, नाही पटलं तर राज्य बालहक्क आयोगाकडं अपील. पण तिथं जायच्या आधी, उद्या शाळेत गेलात की सरांकडनं प्रोसिडिंग वही आणि चालू शाळा विकास आराखडा मागून घ्या, आणि त्यात छताचं काम लिहिलंय का ते बघा. नसेल तर ह्याच महिन्याच्या बैठकीत तो पहिला विषय घ्या.