उंदरांसाठी मांजर निवडताना

प्रश्न : आमचे घर बैठे असून मागच्या बाजूला धान्य साठवण्याची खोली आहे. काही महिन्यांपासून उंदरांनी उच्छाद मांडला आहे. पोती कुरतडली जातात आणि रात्रभर माळ्यावर खुडबुड चालू असते. सापळ्यात एखाददुसरा उंदीर सापडतो, पण उपद्रव कमी होत नाही, म्हणून मांजर पाळण्याचे ठरवले आहे. ओळखीच्या दोन घरी पिल्ले आहेत. पुढे चांगले उंदीर मारील असे पिल्लू आधीच ओळखता येते का? बोका घ्यावा की भाटी? शिकारीची सवय टिकावी म्हणून मांजराला अर्धपोटी ठेवावे असे काही जण सांगतात, ते योग्य आहे का?

उत्तर : पिल्ले पाहण्यापूर्वी त्यांची आई पाहावी, कारण निवडीचा निम्म्याहून अधिक निकाल तिथेच लागतो. झडप घालण्याची ओढ मांजरात उपजत असते, परंतु पकडलेला उंदीर मारायचा कसा, हे पिल्लू बहुतांशी आईजवळ शिकते. पिल्ले महिनाभराची झाली की शिकारी भाटी त्यांच्यासमोर आधी मेलेला उंदीर आणून टाकते, नंतर अर्धमेला आणि शेवटी जिवंत उंदीर सोडून बाजूला बसते. तो निसटू लागला तर स्वतः पंजा मारून परत आणते. झिंग-यांग कुओ या चिनी मानसशास्त्रज्ञाने 1930 मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग या बाबतीत बोलके आहेत. उंदीर मारणाऱ्या आईच्या सहवासात वाढलेल्या 21 पिल्लांपैकी 18 पिल्ले पुढे उंदीर मारू लागली, एकटी वाढवलेल्या 20 पैकी 9, तर उंदरांच्याच सोबतीने वाढवलेल्या 18 पैकी केवळ 3. म्हणून आपल्या ओळखीच्या दोन्ही घरी सरळ विचारावे, की पिल्लांची आई उंदीर पकडते का आणि तो पिल्लांपाशी आणते का. जिथे उत्तर ठाम होकारार्थी मिळेल, तिथले पिल्लू दिसायला साधे असले तरी तेच घ्यावे.

याच कारणासाठी पिल्लू आईपासून फार लवकर तोडू नये. आठ आठवड्यांचे पिल्लू स्वतःचे खाऊ शकते हे खरे, पण बारा आठवड्यांपर्यंत ते आईजवळ राहिले तर आपल्या कामाच्या दृष्टीने अधिक चांगले. मात्र या काळात, विशेषतः दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात, त्याला माणसांनी रोज हाताळलेले असावे; नाहीतर ते शिकार उत्तम करील, पण आपल्याला अंगाला हात लावू देणार नाही, आणि आजारी पडल्यावर पशुवैद्याकडे नेणे दुरापास्त होईल.

पिल्लांमधून एक निवडताना दोरीच्या टोकाला कागदाचा बोळा बांधून तो जमिनीवरून हळूहळू ओढत न्यावा आणि दाराच्या किंवा पेटीच्या आड नाहीसा करावा. बोळा दिसत असेपर्यंत सगळीच पिल्ले धावतील. तो दिसेनासा झाल्यावर जे पिल्लू त्या कडेशी दबा धरून, कान पुढे रोखून बसून राहते, त्याच्याकडे लक्ष द्यावे, कारण उंदराची शिकार बव्हंशी बिळाच्या तोंडाशी चिकाटीने वाट पाहण्यातच असते. नंतर त्याच्या पाठीमागे, त्याला दिसणार नाही अशा रीतीने, कागद हलकेच चुरगाळावा. मांजराला 60 किलोहर्ट्झच्याही वरचे आवाज ऐकू येतात, तर माणसाची मर्यादा साधारण 20 किलोहर्ट्झची. उंदरांची आपल्याला न ऐकू येणारी चिवचिव मांजर या कानांनी टिपते. कागदाच्या आवाजाने कानही न हलवणारे पिल्लू बहिरे असण्याची शक्यता असते. पांढऱ्या रंगाच्या, निळ्या डोळ्यांच्या मांजरांत बहिरेपणाचे प्रमाण बरेच असल्यामुळे तिथे ही परीक्षा चुकवू नये. एरवी रंगाचा आणि शिकारीचा संबंध नाही. चपट्या तोंडाच्या, लांब केसांच्या जाती या कामासाठी मी सुचवणार नाही.

बोका की भाटी, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. पिल्ले असलेली भाटी सर्वांत जास्त शिकार करते, पण त्यासाठी दर काही महिन्यांनी वेत वाढवत राहणे शहाणपणाचे नाही. नसबंदीने शिकारीची वृत्ती जात नाही. बोक्याचे भटकणे आणि भांडणे मात्र कमी होतात, म्हणजे तो घराजवळ राहतो.

अर्धपोटी ठेवण्याचा सल्ला मुळीच मानू नये. मांजराची शिकार केवळ भुकेवर चालत नाही. समोरचे खाणे सोडून ते उंदरावर झेपावते. उपाशी मांजर अन्नाच्या शोधात दूर जाते आणि अशक्त होते. पोटभर खाल्लेले मांजर कधी उंदीर मारून तसाच टाकील, पण आपला हेतू तेवढ्याने साधतो. नवे मांजर दोन-तीन आठवडे घरातच ठेवावे, म्हणजे ते घर आपले मानील. लसीकरण आणि ठरावीक काळाने जंतनाशक या गोष्टी शिकारी मांजराला इतरांपेक्षा अधिक आवश्यक आहेत.

एक अपेक्षा मात्र आताच मर्यादित करून ठेवावी. घरातला छोटा उंदीर साधारण 20 ग्रॅमचा असतो आणि तो मांजराच्या आवाक्यात असतो. मोठे उंदीर व घुशी यांच्या वाट्याला बहुतेक मांजरे जात नाहीत. न्यू यॉर्कमधील एका कचरा-प्रक्रिया केंद्रात संशोधकांनी 79 दिवस कॅमेऱ्यांनी पाहणी केली, तेव्हा तिथल्या भटक्या मांजरांनी मोठ्या उंदरांपैकी फक्त 2 मारल्याचे दिसले. हा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हा आपल्या खोलीतील लेंड्या आधी पाहाव्यात. त्या तांदळाच्या दाण्याएवढ्या असतील तर मांजर उपयोगी पडेल. बोराच्या बीएवढ्या जाड असतील तर सापळे आणि भोके बुजवणे यांवरच भर द्यावा.

प्रश्न : मांजर असताना उंदरांचे विषही ठेवले तर चालेल का?

उत्तर : नाही. रक्त गोठू न देणारी विषे खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. काही दिवस मंदावलेल्या अवस्थेत फिरतो आणि म्हणूनच मांजराला सहज सापडतो. असे उंदीर खाऊन मांजराला अंतर्गत रक्तस्राव होऊ शकतो. विष आधीच ठेवलेले असेल तर ते पूर्ण काढून, मेलेले उंदीर शोधून पुरून टाकावेत आणि त्यानंतर काही आठवड्यांनीच मांजर आणावे. हिरड्या पांढुरक्या दिसल्या किंवा नाकातून रक्त आले, तर वेळ न घालवता पशुवैद्याकडे जावे आणि विषाचे वेष्टन सोबत न्यावे. या प्रकारच्या विषावर के जीवनसत्त्वाचा उपचार उपलब्ध आहे.