विज्ञान प्रदर्शनासाठी काय करू, असं विचारलंस म्हणून

सोलापूर

चि. बाळास अनेक आशीर्वाद,

"सर, प्रदर्शनासाठी सोपं काहीतरी सांगा की," हा तुझा निरोप मिळाला. सोपं हवं म्हणालीस ते मला आवडलं. सातवीतल्या मुलीने सोपाच प्रकल्प करावा, असं माझं ठाम मत आहे. फक्त सोपं कशाला म्हणायचं ते आधी ठरवून घेऊ.

तयार मॉडेल विकत आणून टेबलावर मांडणं सोपं वाटतं. पण परीक्षकांनी "हे असं का होतं?" एवढं विचारलं की तेच सगळ्यात अवघड होऊन बसतं, कारण तिथपर्यंत तुला स्वतःला काही शोधावंच लागलेलं नसतं. मी सोपं म्हणतो ते असं: प्रश्न एका ओळीत लिहिता येतो, सामान घरात सापडतं, उत्तर पट्टीने किंवा घड्याळाने मोजता येतं आणि फसलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करता येतं.

ज्वालामुखीचं मॉडेल करू का, असंही तू विचारलं आहेस. करू नकोस. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर यांचा फेस म्हणजे आम्ल आणि सोड्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड. ज्वालामुखी कसा फुटतो ते त्यातून कळत नाही. शिवाय आपण राहतो ती जमीनच लाव्हाची आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर जो लाव्हा आला, तो मुख्यतः जमिनीच्या लांबच लांब भेगांतून आला आणि थरावर थर पसरत गेला. त्याचाच काळा कातळ झाला, आणि तो कातळ झिजून आपली ज्वारीची काळी माती. अशा ठिकाणच्या मुलीने मातीचा टोकदार डोंगर करून त्यातून लाल फेस काढावा, हे मला पटत नाही.

आता माझ्या मनातला प्रकल्प सांगतो. नवा टॉवेल अंग नीट पुसत नाही, दोन-चार धुण्यांनंतर तो पाणी टिपायला लागतो, असं घरोघरी म्हणतात. हे खरं आहे का? असलं तर किती धुण्यांनंतर? एवढाच प्रश्न. पूर्व भागातल्या गल्ल्यांमधून गेलीस की यंत्रमागांचा आवाज ऐकू येतो. आपल्या चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. हा प्रश्न सोलापूरच्या मुलीने विचारायचा नाही तर कोणी?

एक साधा, पूर्ण सुती टॉवेल आण. रंग फिका असू दे. धुण्याआधी त्यातून लांबीच्या दिशेने ३ सेंटिमीटर रुंद आणि २० सेंटिमीटर लांब अशा तीन पट्ट्या काप. मग उरलेला टॉवेल एकदा धू, वाळव आणि आणखी तीन पट्ट्या काप. पाच धुण्यांनंतर तीन, दहा धुण्यांनंतर तीन. दर वेळी साबणाची पावडर तेवढीच आणि पाणी त्याच नळाचं. सगळ्या पट्ट्या एकाच टॉवेलच्या आहेत, म्हणजे सूत तेच आणि वीणही तीच. बदललं ते फक्त धुणं. परीक्षक याच गोष्टीबद्दल खोदून विचारतील, आणि तुझ्याकडे उत्तर तयार असेल.

मोजणी सगळ्या पट्ट्यांची एकाच दिवशी कर. प्रत्येक पट्टीवर दर सेंटिमीटरला पाण्याने पसरणाऱ्या स्केचपेनने ठिपका दे. पट्टी दोरीला चिमट्याने टांग आणि तिचं खालचं टोक २ सेंटिमीटर पाण्यात बुडव. पाणी वर चढत जाईल आणि जिथे पोहोचेल तिथला ठिपका पसरेल. एक, पाच आणि दहा मिनिटांनी पाणी कुठपर्यंत आलं ते लिही. पाण्यात रंग घालण्याचा मोह होईल, पण हळद तर मुळीच नको. हळद सुताला धरून बसते आणि पाणी तिच्या पुढे निघून जातं.

यामागचं कारण असं. सुताच्या तंतूंमधल्या बारीक फटींतून पाणी आपोआप वर चढतं. याला केशाकर्षण म्हणतात. दिव्याच्या वातीत तेल चढतं तेही यानेच. मागावर ताण्याचे धागे तुटू नयेत म्हणून त्यांना खळ लावतात. विणून झाल्यावर ती खळ धुऊन काढली, तरी टॉवेल मऊ लागावा म्हणून पुष्कळदा शेवटी मऊपणा आणणारं रसायन देतात, आणि त्याचा पातळ थर पाण्याला अडवतो. धुण्यात तो निघत जातो. म्हणून धुतलेली पट्टी जास्त पाणी चढवेल असा आपला अंदाज. पण तुमच्याकडे बोअरचं जड पाणी असेल आणि धुवायला साबणाची वडी वापरलीस, तर पाण्यातल्या कॅल्शियमशी साबणाचा संयोग होऊन चिकट साका तयार होतो, आणि तो सुतात बसला तर दहाव्या धुण्याला आकडा पुन्हा खालीही येऊ शकेल. तुझ्या टॉवेलचं काय होईल ते मला आज सांगता येणार नाही, आणि म्हणूनच हा प्रकल्प मला फार आवडतो.

टॉवेलमध्ये तुझं मन रमत नसेल तर दुसरं घे, माझा आग्रह नाही. सारख्या आकाराच्या दोन बाटल्यांत बोअरचं आणि नळाचं पाणी समान घे, त्यात साबणाच्या द्रावणाचे थेंब मोजून टाक आणि टिकणारा फेस यायला कुठल्या पाण्याला किती थेंब लागतात ते बघ. मग तेच पाणी उकळून, गार करून पुन्हा. किंवा गच्चीवर एक काठी ओळंब्याने सरळ उभी कर आणि दुपारी दर पाच मिनिटांनी सावली मोज. सावली सर्वांत आखूड असते ती वेळ घड्याळातल्या बाराची नसेल. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखावृत्तावरून ठरते, सोलापूर ७६ अंशांच्या जवळ आहे आणि सूर्याला दर अंशाला चार मिनिटं लागतात, म्हणून आपला मध्यान्ह सरासरी २६ मिनिटं उशिरा होतो. डिसेंबरच्या सुरुवातीला हा फरक कमी भरेल आणि जानेवारीच्या मध्याला अर्ध्या तासाच्या पुढे जाईल. माठातलं पाणी किती अंशांनी गार होतं हाही छान प्रश्न आहे, पण तो आपल्या कोरड्या उन्हाळ्यातच करावा.

घरातल्या विजेला हात लावावा लागेल, तीव्र आम्ल लागेल किंवा बुरशी वाढवावी लागेल असं काही निवडू नकोस. पप्पांना दोरी बांधायला सांग, आईला कात्री धरायला सांग, पण मोजणी आणि लिहिणं तुझंच.

वही एकच ठेव. त्यात तारीख, वेळ आणि आकडा लगेच लिही. कागदावर लिहून मग वहीत सुवाच्य उतरवायचं, असं करू नकोस. उतरवताना हात आपोआप आकडे सरळ करतो. तीन पट्ट्यांचे तीन आकडे वेगळे आले तर तिन्ही लिही आणि सरासरी खाली लिही. अंदाजाविरुद्ध उत्तर आलं तर तेच तक्त्यावर मोठ्या अक्षरात मांड. चार्टवर थर्माकोलची नक्षी नसली तरी चालेल. त्या जागी खऱ्या बारा पट्ट्या ओळीने चिकटव, पसरलेल्या ठिपक्यांसकट. आलेल्या प्रत्येकाचं बोट तिथेच जाईल.

वेळेचा हिशोब आधीच कर. दहा धुणी आणि दर वेळी वाळवणं म्हणजे निदान दोन आठवडे हवेत. तालुक्याचं प्रदर्शन चार दिवसांवर आल्यावर सुरू केलंस तर हे होणार नाही. घाई असेल तर साबणाच्या थेंबांचा प्रयोग घे, तो एका रविवारी होतो.

आणि एक. घरात नवा टॉवेल आला की कोणीतरी तो आधी भिजत घालतं. म्हणून घरी आजच सांगून ठेव. आणल्या आणल्या पहिल्या तीन पट्ट्या काप, पाकिटात घाल, पाकिटावर 'न धुतलेल्या' असं लिही, आणि मगच टॉवेल बादलीत टाक.

तुझे
सर